फॉर्म एआय असूनही कस्टम्स कॉस्टिंग का मागतं?

इतर वाचकांसाठी आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही हो ची मिन्ह शहराजवळच्या कारखान्यातून शाळेच्या बॅगा मागवल्या. कंटेनर न्हावा शेव्याला उतरला. आसियान-भारत मुक्त व्यापार कराराखालचा फॉर्म एआय, म्हणजे माल व्हिएतनामचाच असल्याचं सर्टिफिकेट, सोबत आहे, त्यावर व्हिएतनामच्या उद्योग व व्यापार मंत्रालयाचा शिक्का आणि सही आहे. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सकडे द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रात, शुल्काचा सवलतीचा दर मागितला, तर असेसिंग अधिकाऱ्याने 'कॅरोटार' या नियमांखाली माहिती मागितली आणि दहा दिवस दिले. पुरवठादार म्हणतो, सर्टिफिकेट दिलं, आमचं कॉस्टिंग आम्ही कुणाला दाखवत नाही. आता करायचं काय, आणि दुसऱ्या देशाच्या सरकारने सही केलेल्या कागदावर शंका घ्यायचा अधिकार यांना आहे का?

अधिकार आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत कायद्यात आहे. २०२० च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात कलम २८डीए घातलं. त्यानुसार सर्टिफिकेट सादर केल्याने आयातदाराची जबाबदारी संपत नाही. माल खरोखर त्या देशाचा ठरतो का, याची पुरेशी माहिती आयातदाराकडे असली पाहिजे आणि त्याने वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे. या कलमाच्या अंमलबजावणीचे नियम म्हणजेच कॅरोटार, २०२०. ते २१ सप्टेंबर २०२० पासून लागू आहेत. मार्च २०२५ मध्ये त्यात 'सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन'च्या जागी 'प्रूफ ऑफ ओरिजिन' हा अधिक व्यापक शब्द आला, कारण काही नव्या करारांत निर्यातदाराची स्वतःची घोषणाही चालते. तुमच्या बाबतीत मात्र फॉर्म एआयच लागतो.

हे नियम आले तेव्हा आमच्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांनी कागद वाढले म्हणून कुरकुर केली. मला मात्र ते आवश्यक वाटले, आजही वाटतात. श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांत सुपारी पिकवणाऱ्यांना विचारा. इंडोनेशियाची सुपारी सार्क देशांची आहे असं दाखवून शुल्क चुकवल्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं आणि तपास सीबीआयकडे आला. मिरीचंही तेच. श्रीलंकेच्या सवलतीचा फायदा घेऊन व्हिएतनामची मिरी येते, अशी ओरड दक्षिणेतल्या उत्पादकांनी वर्षानुवर्षं केली. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने मिरीवर किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावली. सवलत आपण एका देशाला देतो आणि तिचा लाभ भलताच देश घेतो, हे थोपवायचं साधन म्हणजे माल मुळात कुठल्या देशाचा हे ठरवणारे ओरिजिनचे नियम. तुमच्याच बाबतीत बघा. धारावीत बॅगा शिवणारा कारागीर पूर्ण शुल्क भरून आलेलं चिनी कापड वापरतो. तेच कापड व्हिएतनाममध्ये नावापुरतं शिवून शुल्क न भरता इथे आलं, तर त्याने जगायचं कसं?

आता मुख्य मुद्दा. या करारात, जो माल पूर्णपणे त्याच देशात पिकलेला किंवा निघालेला नाही, त्याला दोन कसोट्या एकाच वेळी पार कराव्या लागतात. पहिली कसोटी मूल्याची. मालाच्या एफओबी किमतीत, म्हणजे निर्यातीच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत, करारातल्या देशांचा वाटा किमान ३५ टक्के हवा. दुसरी वर्गीकरणाची. बाहेरून आणलेल्या प्रत्येक कच्च्या मालाचा सहा आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) तयार मालाच्या कोडपेक्षा वेगळा हवा, याला आपण सीटीएसएच म्हणतो. याशिवाय शेवटची उत्पादन प्रक्रिया निर्यात करणाऱ्या देशातच झालेली हवी.

बॅगांमध्ये दुसरी कसोटी सहसा अडत नाही. कापडी बाहेरची बाजू असलेली शाळेची बॅग ४२०२.९२ मध्ये जाते. पॉलिएस्टर कापड ५४०७ किंवा लेप असेल तर ५९०३, चेन ९६०७, प्लास्टिकचे बकल ३९२६, पट्टे ५८०६. सगळे कोड वेगळे आहेत. अडचण येते ती चीनमधून कापून तयार केलेले तुकडे, चेन, बकल असा पूर्ण संच आणून व्हिएतनाममध्ये फक्त जोडला जातो तेव्हा. असा पूर्ण संच वर्गीकरणाच्या सामान्य नियम २(अ) प्रमाणे तयार बॅगच मानला जाऊ शकतो. मग कोड बदललाच नाही. शिवाय सुट्या भागांची साधी जुळणी ही करारातल्या किरकोळ प्रक्रियांत मोडते आणि तिने ओरिजिन मिळत नाही. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा: कापड ताग्यात येतं की कापून येतं?

मूल्याच्या कसोटीवर मात्र बॅगा खरोखर अडतात. उदाहरणासाठी आकडे घेऊ. बॅगेचा एफओबी भाव १० डॉलर. चीनहून आलेलं कापड, अस्तर, चेन, बकल, पट्टे मिळून व्हिएतनामच्या बंदरातल्या सीआयएफ किमतीने, म्हणजे विमा आणि भाडं धरून, ५.८० डॉलर. बाहेरच्या मालाचा वाटा ५८ टक्के. करारातल्या देशांचा वाटा किमान ३५ हवा, म्हणून बाहेरच्या मालाची मर्यादा ६५ टक्क्यांची आहे, म्हणजे बॅग व्यवस्थित पास होते. आता तुम्ही घासाघीस करून भाव ८.८० वर आणला. कारखानदाराने आपला नफा कमी केला, कापड तेच राहिलं. ५.८० भागिले ८.८० म्हणजे ६५.९ टक्के. बॅग तीच, शिलाई तीच, कारखाना तोच, पण ती आता व्हिएतनामची राहिली नाही. या आकड्यांत साधारण ८.९३ डॉलरच्या खाली उतरलात की सवलत गेली.

हे गणित बहुतेक आयातदारांच्या लक्षात येत नाही आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. भाव ठरवताना आपण ओरिजिनचा विचार करत नाही, तो विषय माल बंदरात आल्यावर सीएचएवर, म्हणजे माझ्यासारख्या कस्टम्स एजंटवर, सोपवतो. ओरिजिन मात्र भाव ठरतो त्या दिवशीच ठरलेलं असतं. माल आल्यानंतर मी फार तर ते मांडू शकतो, बदलू शकत नाही. कारखानदाराने जुन्या, १० डॉलरच्या कॉस्टिंगवर फॉर्म एआय काढून घेतला असेल आणि तुम्हाला बिल ८.८० चं दिलं असेल, तर सर्टिफिकेटवरचा एफओबी आणि बिलातला भाव यांतला फरक अधिकाऱ्याला पहिल्या नजरेतच दिसतो. तुमची क्वेरी अशाच कशावरून तरी निघाली असण्याची शक्यता आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून आजच बघा.

या गणितात आणखी एक बारीक गोष्ट आहे. कारखान्याने कापड स्वतः आयात केलं असेल तर त्याची सीआयएफ किंमत धरतात. पण अनेक छोटे कारखाने कापड स्थानिक व्यापाऱ्याकडून घेतात. त्या कापडाच्या मूळ देशाचा पुरावा नसेल, तर ते 'अनिश्चित ओरिजिन'चं ठरतं आणि ते व्हिएतनाममध्ये मोजलेल्या किमतीला, म्हणजे व्यापाऱ्याच्या नफ्यासकट, बाहेरच्या मालात धरलं जातं. ३ डॉलरचं कापड मग ३.४० चं होतं आणि ५.८० चे ६.२० होतात. 'आम्ही कापड इथेच बाजारात घेतो, त्यामुळे ते लोकल आहे' असं पुरवठादार अगदी मनापासून सांगतो. लोकल बाजारात घेतलं म्हणून ते लोकल ठरत नाही.

पुरवठादार खोटं बोलतोय असं लगेच समजू नका. त्याची समजूत दुसऱ्या करारांवरून बनलेली असते. आसियान देशांच्या आपसातल्या करारात सर्वसाधारण नियम एकतर ४० टक्के मूल्य किंवा चार आकडी कोडचा बदल असा आहे. दोन्हींपैकी एक पुरतं. त्यामुळे तोच कारखानदार थायलंडला फॉर्म डी वर, म्हणजे त्या करारातल्या सर्टिफिकेटवर, माल पाठवतो तेव्हा त्याला मूल्याचा हिशेब कदाचित करावाही लागत नाही. दुसरं म्हणजे आरसेप, आसियान आणि शेजारच्या देशांचा मोठा व्यापार करार. तो करार १ जानेवारी २०२२ पासून चीन, जपान, व्हिएतनाम यांच्यात लागू आहे. त्याच्या नियमांत बसणारं चिनी कापड व्हिएतनाममध्ये आपलंच धरलं जातं, आणि त्याची बॅग जपानला सवलतीत जाते. भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला आरसेपमधून बाहेर पडला आणि त्यामागच्या चिंतांत ओरिजिनचे सैल नियम हीसुद्धा एक होती. म्हणून जपानला चालणारी बॅग आपल्याकडे चालेलच असं नाही. पुरवठादाराला हे शांतपणे, लेखी समजावून सांगा. 'तुमच्यावर विश्वास नाही' असं म्हणण्यापेक्षा 'आमच्या कराराचा नियम वेगळा आहे' असं म्हटलं की माहिती लवकर मिळते, हा माझा अनुभव आहे.

आता तुमचे दहा दिवस. ते कामाचे दिवस आहेत, सुट्ट्या त्यात मोजत नाहीत. कॅरोटारच्या नियम ४ प्रमाणे फॉर्म १ मधली माहिती तुमच्याकडे आयातीच्या वेळीच असायला हवी होती आणि पाच वर्षं जपून ठेवायची आहे. अधिकारी तीच मागतोय. त्यात उत्पादनाची प्रक्रिया, वापरलेला माल आणि त्याचे कोड, त्यातला कुठला करारातल्या देशांचा आणि कुठला बाहेरचा, मूल्याचा हिशेब कोणत्या पद्धतीने केला, क्युम्युलेशन (करारातल्या दुसऱ्या देशाचा माल आपलाच धरणं) वापरलं का, आणि माल थेट आला का, एवढं असतं.

पुरवठादार कॉस्टिंग देत नाही म्हणता, तर त्याच्याकडे पूर्ण कॉस्टिंग मागूच नका. मूल्याचा हिशेब दोन पद्धतींनी करता येतो. थेट पद्धतीत मजुरी, कारखान्याचा खर्च, नफा सगळं उघडं करावं लागतं. अप्रत्यक्ष पद्धतीत फक्त बाहेरच्या मालाची किंमत आणि एफओबी एवढंच लागतं. एफओबी तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे त्याने फक्त आयात मालाची यादी, कोड, देश आणि किंमत द्यायची. त्याचा नफा किती, मजुरी किती, हे तुम्हाला कळत नाही. बहुतेक कारखानदार एवढ्यावर तयार होतात. शिवाय हा तक्ता त्याला नव्याने बनवायचा नसतो. फॉर्म एआय मागताना त्याच्या सरकारपुढे ओरिजिन सिद्ध करावं लागतंच, तेव्हा केलेला हिशेब त्याच्या फायलीत असायला हवा. तो नाहीच म्हणाला, तर तुमची शंका वाढायला हवी.

तरीही त्याने दिलं नाही, तर मुदत उलटायची वाट बघू नका. जे तुमच्याकडे आहे ते द्या: ऑर्डर, बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), कारखान्याचे फोटो, आणि विशेषतः ऑर्डर देण्याआधी ओरिजिनबद्दल तुम्ही केलेले ईमेल. वाजवी काळजी घेतली हे सिद्ध करायला ते ईमेल सगळ्यात उपयोगी पडतात. उत्तरात लिहा की पुरवठादार मालाचा तपशील गोपनीय मानतो आणि तो आपल्या सरकारमार्फत द्यायला तयार आहे. अर्थात हे लिहिण्याआधी त्याच्याकडून तसं लेखी घ्या. मग पडताळणीची विनंती डायरेक्टोरेट ऑफ इंटरनॅशनल कस्टम्समार्फत व्हिएतनामच्या अधिकाऱ्यांकडे जाते. करारानुसार विनंती मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यांनी उत्तर द्यायचं असतं. स्वतःच्या मनाने आकडे भरून फॉर्म १ देऊ नका. नंतर पडताळणीत वेगळे आकडे आले की साधी उणीव चुकीच्या माहितीत बदलते. खोटी माहिती सिद्ध झाली तर सवलत जाते आणि दंडही होतो. २०२० मध्येच कलम १११ मध्ये (क्यू) हे पोटकलम आलं, त्याखाली असा माल जप्तीलाही पात्र ठरतो.

तोवर कंटेनर अडकवून डिमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे उशिराचे आकार, भरत बसायची गरज नाही. पडताळणी चालू असताना सवलत तात्पुरती थांबवतात, पण तुम्ही मागितलंत तर कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट, म्हणजे शुल्काची तात्पुरती आकारणी, करून माल सोडतात. त्यासाठी बाँड आणि दोन दरांमधल्या फरकाएवढी सुरक्षा द्यावी लागते. सवलत बेसिक ड्युटीवर आहे. सोशल वेल्फेअर सरचार्ज बेसिकच्या १० टक्के असतो, म्हणून तोही सोबत कमी-जास्त होतो. आयजीएसटी दोन्ही बाबतींत भरावाच लागतो, फक्त तो मोजायची रक्कम बदलते. फरकाचा आकडा काढताना हे तीनही धरा, नाहीतर बँक गॅरंटी कमी पडते आणि पुन्हा दोन दिवस जातात.

तक्ता हातात आल्यावर आकडा खरोखरच ६५ च्या वर निघाला, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: दावा सोडा. नियम ५ मध्ये आयातदाराने दावा मागे घेण्याची सोय आहे. पूर्ण ड्युटी भरा, माल सोडवा. या कंटेनरवर नुकसान होईल, पण पडताळणीत उलटं उत्तर आलं तर ते तिथेच थांबत नाही. कलम २८डीए आणि नियम ७ प्रमाणे त्याच उत्पादकाच्या तशाच मालाचे इतर दावेही, आधीचे आणि नंतरचे, पडताळणी न करता नाकारता येतात. त्यात तुमचे जुने कंटेनर येतात. त्याच कारखान्याकडून माल घेणाऱ्या दुसऱ्या आयातदारांचेही येतात, आणि त्यांच्यामुळे तुमचेही येऊ शकतात.

कागदांतल्या दोन गोष्टीही तपासून घ्या. पहिली म्हणजे वाहतूक. व्हिएतनामहून न्हावा शेव्याला येणारा माल सिंगापूर किंवा पोर्ट क्लँगला बदलला तर काळजी नाही, ते देश करारातलेच आहेत. कोलंबोला बदलला तर श्रीलंका करारात नाही. तेही चालतं, पण माल तिथल्या बाजारात शिरला नाही, चढवण्या-उतरवण्यापलीकडे काही झालं नाही, हे दिसलं पाहिजे. त्यासाठी व्हिएतनाममध्ये निघालेलं, न्हावा शेव्यापर्यंतचं थ्रू बिल ऑफ लेडिंग लागतं. कोलंबोहून नवीन बिल ऑफ लेडिंग निघालं असेल तर अडचण होईल.

दुसरी गोष्ट, बिल कुणी दिलंय. हाँगकाँग किंवा सिंगापूरच्या मध्यस्थाचं बिल असेल तर फॉर्म एआयच्या रकाना १३ मध्ये थर्ड कंट्री इन्व्हॉइसिंगवर खूण हवी, आणि बिल ऑफ एंट्रीतही ते जाहीर केलेलं हवं. तारखाही बघा. जहाज सुटल्यापासून तीन कामाच्या दिवसांनंतर फॉर्म निघाला असेल तर त्यावर 'इश्यूड रेट्रोअ‍ॅक्टिव्हली', म्हणजे नंतर दिलेला, असा शेरा असावा लागतो. अपूर्ण किंवा सही न करता खाडाखोड केलेला फॉर्म पडताळणी न करताच अमान्य होऊ शकतो.

कॅरोटार आणि मूळ करारातला नियम यांत विरोध आला तर करारातला नियम चालतो, हे कॅरोटारच्याच नियम ८ मध्ये आहे. अधिकाऱ्याने करारात नसलेली अट घातली, तर आवाज न चढवता हा नियम लेखी उत्तरात दाखवा. माझ्या अनुभवात बहुतेक अधिकारी ऐकतात, कारण त्यांनाही फाइल टिकणारी हवी असते.

आता पुढच्या ऑर्डरबद्दल. स्वस्त भाव आणि सवलत दोन्ही हवं असेल, तर एक वाट आहे आणि ती फारसं कुणी वापरत नाही. या करारात भारतही सदस्य आहे. भारतात ओरिजिन मिळालेलं कापड फॉर्म एआय घेऊन व्हिएतनामला गेलं आणि बॅगेत लागलं, तर ते बाहेरचं धरत नाहीत. वरच्या उदाहरणात चिनी अस्तराचे ९० सेंट आहेत असं धरा. त्याऐवजी सुरतेचं पॉलिएस्टर अस्तर दिलं, तर बाहेरचा माल ४.९० वर येतो आणि ८.८० च्या भावालाही वाटा ५५.७ टक्केच राहतो. अस्तर थोडं महाग पडलं तरी शुल्कातल्या बचतीपुढे ते परवडतं का, हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. फॉर्ममध्ये क्युम्युलेशनची खूण करायला सांगा आणि सुरतेच्या कापडाच्या फॉर्म एआयची प्रत आपल्या फायलीत ठेवा.

ऑर्डरच्या कागदात चार ओळी वाढवा. माल पाठवण्याआधी बाहेरच्या मालाचा तक्ता मिळेल. भाव किंवा कच्च्या मालाचा पुरवठा बदलला तर नवा तक्ता मिळेल. पडताळणी आली तर कारखाना आपल्या सरकारला मुदतीत उत्तर देईल. आणि त्याच्या चुकीमुळे सवलत गेली तर शुल्काचा फरक तो सोसेल. चौथ्या ओळीवर तो घासाघीस करेल. ती सोडावी लागली तरी चालेल, पण पहिल्या तीन नाकारणाऱ्या कारखान्याचा माल सवलतीच्या दराने सोडवायचा दावा माझ्याकडे आला, तर मी तो लावत नाही. पूर्ण ड्युटीवर माल परवडतो का हे बघूनच ऑर्डर द्या, असं त्या पार्टीला सांगतो.